हवा मानवत नाही

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्यात चिटणीसबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरबाई, यंदा आरोग्यावर चार शब्द तुम्ही बोला. पण मधुमेह आणि गुडघेदुखी नको, ती दर वर्षी होतात." मी म्हटले, बरे. मग आपल्या रोजच्या बोलण्यातले एक वाक्यच विषय म्हणून घ्यायचे मी ठरवले. ते वाक्य असे: "तिला इथली हवा मानवत नाही."

नवी सून सासरी येऊन वाळली की आपण म्हणतो, हवा मानवली नाही. मुलगा बदलीच्या गावी आजारी पडला की म्हणतो, तिथले पाणी बाधले. हे वाक्य मोठे सोयीचे आहे. त्यात कोणावर ठपका येत नाही आणि कोणाला काही करावेही लागत नाही. ह्याच वाक्यापायी माझ्या हातून एक चूक घडली. ती मी आज सांगणार आहे. मात्र ती नीट कळायची तर उंच पहाडातून खाली सपाटीवर आलेल्या माणसाच्या शरीरात काय काय होते, हे आधी थोडे समजून घ्यावे लागेल.

आमच्या इमारतीचा पहारेकरी नेपाळचा आहे. अशा माणसाला आपण सगळ्याजणी 'बहादूर' म्हणून हाक मारून मोकळ्या होतो. त्याचे नाव निराळेच आहे, हे मला तो आल्यावर दीड वर्षाने कळले. त्याची बायको आणि तीन वर्षांचा मुलगा मागाहून आले. त्यांचे गाव नेपाळच्या वायव्य टोकाला हुमला जिल्ह्यात, सिमीकोटच्याही वर, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून जास्त उंचीवर आहे. आपले नागपूर आहे सुमारे तीनशे मीटरांवर. म्हणजे ही बाई चार-पाच दिवसांत पावणेतीन हजार मीटर खाली उतरली, आणि उतरली ती नेमकी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. जिन्याखालची मीटरची खोली, तिच्या शेजारी दहा बाय आठची दुसरी खोली, वर पत्रा. कूलर नाही. आल्यावर आठ दिवसांनी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दीदी, यहाँ की हवा बहुत भारी है."

तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. इथली हवा भारीच आहे. हवेत प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सारखेच असते, शंभर भागांत एकवीस. परंतु जसजसे वर जावे तसतशी सगळीच हवा विरळ होत जाते. पळी तीच, पण आमटी पातळ, असा तो प्रकार. तीन हजार मीटरांवर एका श्वासात आपल्या इथल्या शंभराच्या जागी सत्तर एवढाच प्राणवायू मिळतो. ल्हासा शहर ३,६५० मीटरांवर आहे, तेथे साधारण पासष्ट. तेव्हा डोंगरावरचे माणूस खाली येते तेव्हा त्याला हवा कमी पडत नाही, उलट हवेची चंगळ होते. स्वयंपाकातही हा फरक तिला जाणवला होता. "इथे वरण किती लवकर शिजते," असे तिने मला दोनदा सांगितले. तिच्या गावी पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे डाळ तासन् तास चुलीवर राहते.

आता ह्या चंगळीचे शरीर काय करते? उंचावर राहणाऱ्या पुष्कळ माणसांच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात. थोडा प्राणवायू पुरवून पुरवून वापरायचा, तर वाहून नेणारे हमाल जास्त लागतात, एवढेच त्यातले गणित. खाली आल्यावर हे जास्तीचे हमाल नकोसे होतात आणि शरीर काही आठवड्यांत त्यांना रजा देते. म्हणून खाली आल्यावर रक्ताची तपासणी केली तर हिमोग्लोबिन उतरलेले दिसते. ते उतरणे ठरावीक मर्यादेपर्यंत अगदी स्वाभाविक आहे. पहिले काही दिवस सुस्ती येते, डोके जड वाटते, झोप फार येते. चीनमधून तिबेटच्या पठारावर नोकरीला गेलेली माणसे काही वर्षांनी खाली परततात, तेव्हा त्यांनाही असेच होते. त्याला तिकडे प्राणवायूची धुंदी म्हणतात. ती आपोआप उतरते.

फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांना जास्त वेळ लागतो. उंचावर त्यांच्यातला दाब वाढलेला असतो. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात डॉक्टरांनी डोंगरावर जन्मलेल्या काही माणसांना समुद्रकाठी येऊन दोन वर्षे झाल्यावर पुन्हा तपासले. तो दाब खाली येऊन जवळजवळ आपल्यासारखा झालेला होता. ह्याविषयीचा लेख १९७१ साली प्रसिद्ध झाला. थोडक्यात, हवेपुरते बोलायचे तर खाली येणे हे शरीराला मानवतेच.

पेरूमध्ये तर खाली येणे हेच औषध ठरले आहे. तिकडे अँडीज पर्वतात सेर्रो दे पास्को नावाचे खाणींचे शहर ४,३०० मीटरांवर आहे. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे राहिलेल्या काही लोकांचे रक्त इतके दाट होते, की ओठ-नखे काळीनिळी पडतात, डोके ठणकते, झोप लागत नाही, हृदय थकते. लिमाचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२५ साली ह्या आजाराचे वर्णन केले, आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यावरचा खरा उपाय एकच, रोग्याने खाली येऊन राहायचे. गंमत पाहा, आपण क्षयाच्या रोग्याला हवा पालटायला वर पाचगणीला धाडत होतो, आणि ते लोक आपला रोगी खाली समुद्रावर धाडत होते.

तिबेटी लोकांचे थोडे निराळे आहे. त्यांचे रक्त उंचावरही फारसे दाट होत नाही. हजारो वर्षांच्या वस्तीने त्यांच्या बीजातच हा गुण उतरला असल्याचे २०१० साली शास्त्रज्ञांनी दाखवले. म्हणजे खाली उतरताना त्यांच्या शरीराला आणखीच कमी फेरफार करावे लागतात.

तर मग तुम्ही विचाराल, की डोंगरातली माणसे खाली येऊन इतकी आजारी का पडतात? ती पडतात हे मात्र खोटे नाही. त्याचे सगळ्यांत जुने उदाहरण नेपाळातच आहे. नेपाळच्या दक्षिणेला आपल्या उत्तर प्रदेश-बिहारला लागून तराईचा सपाट, दमट, जंगली पट्टा आहे. पहाडातली माणसे पूर्वी तेथे फक्त हिवाळ्यात उतरत, आणि उन्हे तापायच्या आत वर परतत. पावसाळ्यात तराईत एक रात्र झोपले तरी 'औल' लागतो आणि माणूस मरतो, अशी त्यांची समजूत होती. औल म्हणजे त्या सखल प्रदेशाची विषारी हवा. खुद्द 'मलेरिया' ह्या शब्दाचा इटालियन अर्थही 'वाईट हवा' असाच आहे. जगभर माणसांनी हवेलाच दोष दिला. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले, तेव्हा हवा त्या आरोपातून सुटली.

उंच थंड डोंगरात हा डास नसतो. तेथल्या माणसाला लहानपणी हिवताप होत नाही, आणि म्हणून त्याच्याशी झुंजण्याची शक्तीही त्याच्या अंगी येत नाही. तराईत पिढ्यान् पिढ्या राहणारे थारू लोक मात्र त्या हवेत टिकून होते. १९८० नंतर संशोधकांनी पाहिले, तर त्याच भागात राहणाऱ्या इतर लोकांच्या मानाने थारूंना हिवताप सुमारे सातपट कमी होत होता. त्यांच्या रक्तात थॅलेसेमियाचा एक सौम्य प्रकार सर्रास आढळतो, तो त्यांना जपतो. पुढे १९५०-६० च्या दशकांत डीडीटीच्या फवारणीने डास आटोक्यात आला आणि पहाडातली माणसे लोंढ्यांनी तराईत उतरली. हवा तीच होती. बदलला होता फक्त डास.

पेरूकडच्या डोंगरी लोकांची कथाही अशीच आहे. स्पॅनिश लोकांनी तो मुलूख जिंकल्यावर, थंड प्रदेशातल्या लोकांना उष्ण प्रदेशात कामाला नेऊ नये, असे त्यांच्या राजाच्या कायद्यातच लिहिलेले होते. तो पाळला किती गेला हे निराळे. कोकाच्या मळ्यांसाठी माणसे पूर्वेच्या दमट उतारांवर नेली गेली आणि नाक-तोंड झडवणाऱ्या रोगाला बळी पडली. तो रोग एका चिमुकल्या माशीच्या चाव्याने होतो.

आता आपल्याला जवळची गोष्ट सांगते. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा ल्हासा सोडून निघाले आणि महिनाअखेरीस तवांगच्या बाजूने भारतात पोहोचले. त्यांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार तिबेटी आले. त्यांच्यासाठी आसामात मिसामारी येथे बांबूच्या झोपड्यांची छावणी उभारली गेली. भिक्षूंची सोय बंगालमध्ये बक्सा येथे झाली. तेथे इंग्रजांच्या काळात स्वातंत्र्यसैनिकांना कोंडलेला किल्ला होता. आसामचा मे-जून महिना, अंगात लोकरी झगे, पायांत नमद्याचे बूट, झोपड्यांत दाटीवाटी. माणसे अतिसाराने, तापाने आणि क्षयाने आजारी पडली. पुष्कळ दगावली. बक्साच्या भिक्षूंत क्षयाने तर ठाणच मांडले. सरकारने मग शक्य तितक्यांना उत्तरेच्या थंड डोंगरांत रस्ते बांधायच्या कामावर पाठवले. तेथे हवा थंड मिळाली, पण काम जिवावरचे आणि राहायला तंबू. त्या रस्त्यांवरच्या तळांतून मुलांची पहिली तुकडी मे १९६० मध्ये धर्मशाळेला आणली गेली. एक्कावन्न मुले होती. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांना सांभाळले. आज मोठी झालेली तिबेटी मुलांची शाळा-वसतिगृहे त्या एक्कावन्न मुलांपासून सुरू झाली.

पुढे ह्या लोकांना शेतीसाठी जमिनी मिळाल्या. म्हैसूर राज्यात बैलकुप्पे येथे, मग मुंडगोड येथे, आणि १९७२ साली आपल्या विदर्भातही. गोंदिया जिल्ह्यात (तेव्हा तो भंडाराच होता) अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉरग्येलिंग नावाची त्यांची वसाहत आहे. शेजारी इटियाडोहचे धरण. म्हणजे ज्यांच्या आजोबांनी पाण्याचे भांडेसुद्धा गोठताना पाहिले, त्यांची नातवंडे आपल्या धानाच्या मुलखात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वाढली. हिवाळ्यात लोकरीचे कपडे विकायला बसलेल्या ज्या तिबेटी बाईशी आपण वीस-तीस रुपयांसाठी घासाघीस करतो, ती बर्फातून उतरून आलेली असते असे आपल्याला वाटते. ती कदाचित इटियाडोहच्या काठावरूनच आलेली असेल.

ह्या साऱ्या हकिकतीत मला एक बाई म्हणून जी गोष्ट सगळ्यांत लक्षात ठेवावीशी वाटते, ती डॉक्टरी पुस्तकात क्वचितच मिळते. मैत्रिणींनो, घर चालवायचे शहाणपण आपण कोठून शिकतो? आईकडून, सासूकडून. ते शहाणपण त्या त्या जागेचे असते. तिबेटात मांस टांगून ठेवले की थंड कोरड्या हवेत वाळते आणि वर्षभर टिकते. मिसामारीत ते एका दिवसात सडते. तिकडे भाजलेल्या जवाचे पीठ पिशवीत महिनोन् महिने राहते. इथे त्याला आठ दिवसांत बुरशी लागते. तिकडे ओढ्याचे पाणी बर्फाचे, सरळ ओंजळीने प्यावे. इथे तेच केले की हगवण. तिकडे रोज अंघोळ केली तर माणूस गारठून मरेल. इथे चार दिवस केली नाही तर अंगावर फोड उठतात. याकच्या लोण्याचा खारट चहा तिकडच्या थंडीत अंगाला ऊब देतो, इथे बैठ्या जिण्यात तोच रक्तदाबाला खतपाणी घालतो. ती बाई अडाणी नव्हती. तिचे सगळे ज्ञान खरे होते, फक्त ते चार हजार मीटरांवर खरे होते. खाली उतरताच एका आठवड्यात ते चुकीचे ठरले, आणि नवे सांगायला शेजारी आपल्या भाषेचे कोणी नव्हते.

आमच्या पहारेकऱ्याच्या बायकोचेही असेच चालले होते. सकाळचा भात ती रात्री मुलाला देई. त्यांच्याकडे तो सहज टिकतो. मे महिन्यातल्या आपल्या खोलीत तो दुपारीच आंबतो. मुलाला दोनदा जुलाब झाले तेव्हा मी तिला समजावले. पाणी उकळायला सांगितले, मुलाच्या अंगातले जाड कपडे काढायला लावले. दुपारी कांदा, पन्हे, डोक्याला ओला दुपट्टा, हे आपले नेहमीचे धडेही दिले. उष्णतेची सवय शरीराला दहा-पंधरा दिवसांत होते. घाम लवकर आणि भरपूर येऊ लागतो, घामातले मीठही कमी जाते. पण तेवढे दिवस जपावे लागते. हे सारे मी ऐटीत केले, आणि शेजारीणधर्म पाळला म्हणून स्वतःवर खूषही होते.

आता माझी चूक. जून संपला, पाऊस आला, तरी तिचे काही बरे नव्हते. ती थकलेली असे. मी म्हटले, रक्त उतरले असेल, खाली आल्यावर उतरतेच. लोहाच्या गोळ्या दिल्या. वजन कमी झाले होते. मी म्हटले, अन्न बदलले आहे, जव-फापर खाणाऱ्या माणसाला इथला पोळी-भात रुचायला वेळ लागतो. रात्री घाम येई. मी म्हटले, पत्र्याची खोली, घाम येणारच. जिना चढताना दम लागे. खरे तर इथे मला थांबायला हवे होते. तीन हजार मीटरांवर पाठीवर लाकडाचा भारा घेऊन चढणाऱ्या बाईला नागपुरात एक जिना चढताना दम का लागावा? इथे तर हवेची चंगळ आहे, हे मीच तुम्हाला आत्ता सांगितले. पण तेव्हा मी काय म्हणाले असेन? "हवा मानवायला वेळ लागतो, बाई. होईल हळूहळू."

खोकला तिने मला सांगितलाच नव्हता. मी विचारलाही नव्हता. तो ऐकला आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाईने. ती एक दिवस मला म्हणाली, "बाई, ती खालची रात्रभर खोकते. माझी नणंद अशीच खोकायची." एवढ्यावर माझे डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी तिला सरकारी दवाखान्यात नेऊन थुंकीची तपासणी केली. क्षय निघाला. खोकला सुरू होऊन दोन महिन्यांहून जास्त दिवस झाले होते, आणि तेवढे दिवस तो मुलगा त्याच दहा बाय आठच्या खोलीत तिच्या कुशीत झोपत होता.

तीस-पस्तीस वर्षे मी रोगी पाहिले आहेत. एखाद्या कॉलेजातल्या मुलीला ही लक्षणे असती तर मी पंधरा दिवसांत तिला तपासणीला पाठवले असते. ह्या बाईच्या बाबतीत प्रत्येक लक्षणाला माझ्याजवळ डोंगराचे एकेक कारण तयार होते. घामाला उन्हाळा, वजनाला अन्न, थकव्याला रक्त, दमाला हवा. कारणे सगळी शहाणपणाची आणि पुस्तकाला धरून. त्यांच्या आड रोग मजेत बसून होता.

क्षय डोंगरात नाही असे नाही. नेपाळात आहे, तिबेटातही होता. परंतु जगातल्या एकूण क्षयरोग्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांश आपल्या देशात आहेत. विरळ वस्तीतून उठून आलेला माणूस इथे दाटीत राहतो, कमी खातो, जास्त राबतो, रात्रीची झोप मोडतो, आणि मनातून घाबरलेला असतो. अंगात दबा धरून बसलेले जंतू अशाच वेळी डोके वर काढतात, आणि नवे जंतू मिळायलाही वेळ लागत नाही. भारतातल्या तिबेटी वसाहतींत, विशेषतः मठांत आणि मुलांच्या वसतिगृहांत, क्षयाचे प्रमाण आपल्या देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट राहिले. साठ वर्षांत त्यांचे रक्त, त्यांची फुफ्फुसे इथल्या हवेला केव्हाच सरावली होती, तरीही. धर्मशाळेच्या डेलेक रुग्णालयाने ह्या कामी फार कष्ट घेतले आहेत. त्यांनी खोकला येण्याची वाट न पाहता शाळांत आणि मठांत जाऊन सरसकट सगळ्यांना तपासायला सुरुवात केली, आणि ज्यांच्या अंगात जंतू आहेत पण रोग नाही अशांनाही औषध दिले. तेव्हा आकडे उतरू लागले.

तेव्हा दोन आठवडे खोकला म्हणजे थुंकीची तपासणी, मग तो माणूस कोठल्याही उंचीवरून आलेला असो. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. साध्या क्षयाचे औषध सहा महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत बरे वाटते आणि लोक सोडून देतात, ते मात्र घातक. आमच्या बाईने एकही दिवस चुकवला नाही. गोळ्यांनी मळमळते म्हणून रडायची, पण घ्यायची. मुलाची तपासणी झाली. त्याला रोग नव्हता, पण त्यालाही प्रतिबंधक औषध दिले. आज बाईचे वजन आठ किलोंनी वाढले आहे आणि ती आपल्या मंडळाच्या विणकाम वर्गाला येते. मागे तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी विचारूनच मी हे बोलते आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ती ह्या कुटुंबाच्या बाबतीत आता निकडीची आहे. खाली येताना हवा त्रास देत नाही. पण खाली काही काळ राहून पुन्हा वर जाताना मात्र ती देते. आपल्याला वाटते, जन्माचे गाव, त्यांना काय होणार? पेरूमधल्या डॉक्टरांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वीच पाहिले, की डोंगरातली माणसे समुद्रकाठी काही दिवस राहून घरी परतली, की त्यांच्यातल्या काहींच्या, विशेषतः मुलांच्या, फुफ्फुसांत एक-दोन दिवसांत पाणी भरते. खोकला येतो, बसल्या जागी धाप लागते, ओठ निळे पडतात, तोंडाला फेस येतो. लोकांना वाटते न्यूमोनिया झाला. त्यावर एकच उपाय, ताबडतोब खाली आणणे, आणि मिळाला तर प्राणवायू देणे. म्हणून तर आपल्या सैन्यात लांब रजेवरून लडाखला परतणाऱ्या जवानाला, तो तेथे कितीही वर्षे राहिलेला असला तरी, टप्प्याटप्प्याने काही दिवस थांबवूनच वर चढवतात.

पूर्वी हुमल्याला चालत जावे लागे, दिवसचे दिवस लागत, त्यामुळे शरीराला आपोआप वेळ मिळे. आता नेपाळगंजहून विमान निघते आणि तासाच्या आत सिमीकोटला उतरते, दीडशे मीटरांवरून एकदम अठ्ठावीसशे मीटरांवर. हे कुटुंब येत्या वैशाखात दोन वर्षांनी गावी चालले आहे. मुलगा आता पाच वर्षांचा आहे. मी त्यांना हिंदीत कागदावर लिहून दिले आहे: सिमीकोटला निदान दोन रात्री थांबायचे, मुलाला पळू द्यायचे नाही, सर्दी-खोकला असेल तर निघायचेच नाही, आणि वर गेल्यावर मुलगा निजता निजता धापू लागला तर सकाळची वाट न पाहता खाली न्यायचे. बाईने कागद वाचला आणि हसली. म्हणाली, "दीदी, अपने ही घर जाने में इतना डर?" मी म्हटले, "दो दिन का ही डर है."

तिच्या सासूसाठी आपल्या विणकाम वर्गातल्या मुलींनी शाल विणायला घेतली आहे. पिवळी लोकर संपली आहे. कोणाकडे उरलेली असेल तर चहाच्या वेळी चिटणीसबाईंकडे द्यावी.